इंची लेथवर मिलिमीटरचे आटे: 127 दात्यांच्या गिअरचा हिशोब

जुन्या लेथ मशीनच्या हेडस्टॉकवर, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या डाव्या टोकाच्या पेटीवर, एक पाटी ठोकलेली असते. तिच्यावर 8, 9, 10, 11, 12, 14, 16, 18 असे आकडे आणि प्रत्येकासमोर कोणता गिअर कुठे लावायचा याचं कोष्टक. हे आकडे म्हणजे एका इंचात किती आटे, अर्थात टीपीआय. आता समजा हातातल्या ड्रॉइंगवर लिहिलंय एम 20 × 1.5. व्यास 20 मिलिमीटर, आणि एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर, म्हणजे पिच, 1.5 मिलिमीटर. पाटीवर 1.5 कुठेच नाही. 25.4 ला 1.5 ने भागलं तर इंचाला 16.93 आटे येतात. पाटीवर 16 आहे, 18 आहे, फार तर खटपट करून 17 बसवता येतील. 16.93 कुठून आणायचे?

अशा वेळी बरेच जण "या मशीनवर मिलिमीटरचे आटे होत नाहीत" असं सांगून जॉब परत पाठवतात. काही जण कुणाच्या तरी वहीतून उतरवून घेतलेले गिअर डोळे झाकून लावतात, आणि ती वही दुसऱ्याच मशीनची निघाली की जॉब वाया जातो. दोन्हीची गरज नाही. यामागचं गणित शाळेतल्या अपूर्णांकांचंच आहे. ते एकदा समजलं की कोणत्याही लेथवर, कोणत्याही पिचसाठी, पाटी पुसली गेली असली तरी गिअर काढता येतात. आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये हे सूत्र पाठ करून घेतात; पण ते तसं का आहे हे समजल्याशिवाय सूत्राचा खरा उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुळापासून सुरुवात करू. चकमध्ये पकडलेला जॉब फिरतो आणि टूल त्याच्या बाजूने सरकतं. जॉबचा एक फेरा होईपर्यंत टूल जेवढं सरकेल तेवढी आट्यांची पिच. टूल सरकवण्याचं काम लीड स्क्रू करतो. बेडच्या पुढच्या बाजूने आडवा जाणारा तो लांब स्क्रू. त्याच्यावर कॅरेजमधला, म्हणजे टूल वाहून नेणाऱ्या भागातला, हाफ नट (दोन फाकांत उघडणारा नट) मिटला की स्क्रू फिरेल तसं कॅरेज ओढलं जातं. लीड स्क्रूला स्वतःचे आटे असतात आणि जुन्या मशीनवर ते इंचात असतात. आपल्याकडे 4 टीपीआयचे लीड स्क्रू पुष्कळ दिसतात, लहान मशीनवर 8 टीपीआयचे. इथून पुढे 4 टीपीआय धरून चालू. इंचाला 4 आटे, म्हणजे लीड स्क्रूचा एक फेरा झाला की कॅरेज पाव इंच, म्हणजेच 6.35 मिलिमीटर सरकणार.

स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, आणि लीड स्क्रू एकाच वेगाने फिरले तर जॉबवर 6.35 मिलिमीटर पिचचे आटे पडतील. आपल्याला 1.5 हवेत. म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्यात लीड स्क्रूने पूर्ण फेरा मारायचा नाही, 6.35 मधले फक्त 1.5 भाग फिरायचं. हा वेग कमी करून देणं एवढंच चेंज गिअरचं, म्हणजे या दोघांमधल्या बदलता येणाऱ्या गिअरचं, काम. हवी असलेली पिच भागिले लीड स्क्रूची पिच. सगळा हिशोब या एका भागाकारात आहे, बाकी तो दात्यांच्या भाषेत कसा मांडायचा एवढाच प्रश्न उरतो.

दात्यांची भाषाही सोपी आहे. स्पिंडलच्या बाजूचा, फिरवणारा गिअर तो ड्रायव्हर. लीड स्क्रूवरचा, फिरवला जाणारा तो ड्रिव्हन. ड्रायव्हरला 30 दाते आणि ड्रिव्हनला 60, तर ड्रायव्हरच्या एका फेऱ्यात ड्रिव्हनचा अर्धा फेरा. ड्रायव्हरचे दाते भागिले ड्रिव्हनचे दाते, हे लीड स्क्रूच्या फिरण्याचं प्रमाण. दोघांच्या मध्ये अंतर भरून काढायला जो एकटा गिअर लावतात त्याला आयडलर म्हणतात. त्याला 40 दाते असोत की 90, प्रमाणात काही फरक पडत नाही. रांगेतला मधला माणूस हाती आलेली घमेली जशीच्या तशी पुढे देतो, तसा तो एका बाजूने आलेला दाता दुसऱ्या बाजूला देतो. फक्त फिरण्याची दिशा उलटते. हे इथेच पक्कं करून ठेवा, कारण मिलिमीटरसाठी मुद्दाम आणलेला महागडा गिअर आयडलर म्हणून मध्ये लावायचा आणि "तरी पिच बदलत का नाही" म्हणून डोकं धरून बसायचं, हे शॉपमध्ये बऱ्याचदा घडतं.

127 कुठून येतो

आता भागाकार करू. 1.5 भागिले 6.35. दशांश चिन्ह काढण्यासाठी दोन्हीला 100 ने गुणलं की 150 बाय 635. दोन्हीला 5 ने भाग जातो: 30 बाय 127. झालं. ड्रायव्हर 30 दात्यांचा, ड्रिव्हन 127 दात्यांचा, मध्ये जागेत बसेल तो कोणताही आयडलर. एवढ्यावर 1.5 मिलिमीटरचे आटे तंतोतंत पडतात; "जवळपास" नव्हे, अगदी तंतोतंत.

दुसऱ्या पिच घेऊन बघा. 1 मिलिमीटरसाठी 20 बाय 127. 1.25 साठी 25 बाय 127. 1.75 साठी 35, 2 साठी 40, 2.5 साठी 50, 3 साठी 60, आणि खाली दरवेळी 127. म्हणजे 4 टीपीआयच्या लीड स्क्रूवर पिचला 20 ने गुणलं की वरचा गिअर मिळतो. लीड स्क्रू 6 टीपीआयचा असेल तर 30 ने गुणायचं, 8 टीपीआयचा असेल तर 40 ने. पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं: 5 गुणिले पिच गुणिले लीड स्क्रूचे टीपीआय, भागिले 127.

पण 127 च का? कारण एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि 25.4 म्हणजे 127 भागिले 5. इंच आणि मिलिमीटर यांची गाठ घालायची म्हटलं की 25.4 येणार, आणि 25.4 मध्ये 127 लपलेला आहे. 127 ही मूळ संख्या. तिला 1 आणि 127 सोडून कशानेही भाग जात नाही, त्यामुळे ती छोट्या गिअरमध्ये फोडता येत नाही. 120 दात्यांचा गिअर नसेल तर 40 आणि तिप्पट असं काहीतरी जुळवता येतं. 127 बाबतीत ती सोय नाही. अचूक हवं असेल तर साखळीत कुठेतरी 127 दाते, नाहीतर त्याची पट 254, असलेच पाहिजेत. तिसरा मार्ग नाही.

इंच बरोबर 25.4 मिलिमीटर हेही पूर्वीपासून ठरलेलं नव्हतं. अमेरिकेचा इंच आणि ब्रिटनचा इंच एकमेकांपेक्षा अगदी किंचित वेगळे होते, दशांशानंतरच्या पाचव्या-सहाव्या घरात फरक पडावा इतके. उद्योगांच्या वापरासाठी 25.4 हा आकडा ब्रिटनच्या मानक संस्थेने 1930 मध्ये आणि अमेरिकेच्या संस्थेने 1933 मध्ये स्वीकारला. 1959 मध्ये इंग्रजी मापं वापरणाऱ्या प्रमुख देशांनी मिळून यार्ड 0.9144 मीटर ठरवला आणि त्यासोबत 25.4 वर कायमचं शिक्कामोर्तब झालं. आपण तोवर दशमान पद्धतीकडे वळलो होतो. मेट्रिक वजन-मापांचा कायदा 1956 चा. कायदा झाला, तराजूतली वजनं बदलली, पण लेथ मशीन काही वजनांसारखी बदलून टाकता येत नाहीत. चांगलं ओतीव बेड असलेलं मशीन पिढी दोन पिढ्या चालतं. म्हणून आजही कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या वेल्डिंग-लेथच्या दुकानात इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचं ड्रॉइंग येऊन पडतं. मापं सुतात बोलणारा माणूस आणि एम 20 चा जॉब, दोघंही एकाच मशीनसमोर उभे असतात.

सेटमध्ये हवा तो गिअर नसेल तर

आपल्याकडच्या पुस्तकांतली गणितं 20 पासून 120 पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने गिअर आहेत आणि वर एक 127 चा आहे असं धरून असतात. पुष्कळ मशीनसोबत सेटही साधारण तसाच येतो. 0.75 मिलिमीटर पिच हवी असेल तर सूत्राने 15 बाय 127 येतं, आणि 15 दात्यांचा गिअर सेटमध्ये नसतो. मग कंपाउंड जोडणी. एकाच स्टडवर, म्हणजे गिअर बसवायच्या खुंटीवर, एकत्र फिरणारे दोन गिअर लावले की दोन प्रमाणांचा गुणाकार होतो. 15 बाय 127 ला असं फोडा: 20 बाय 80 गुणिले 60 बाय 127. स्पिंडलच्या बाजूला 20, तो मधल्या स्टडवरच्या 80 ला फिरवतो. त्याच स्टडवर 80 ला जोडलेला 60, आणि हा 60 लीड स्क्रूवरच्या 127 ला फिरवतो. तपासून बघा: 20 गुणिले 60 म्हणजे 1200, 80 गुणिले 127 म्हणजे 10160, भागाकार 0.1181, त्याला 6.35 ने गुणलं की 0.75.

फोडताना एवढंच बघायचं की वर वरचे आणि खाली खालचे राहतील. दोन्ही ड्रायव्हर आपापसांत अदलाबदल केले तरी उत्तर तेच येतं, दोन्ही ड्रिव्हन बदलले तरी तेच. ही मोकळीक कामाची आहे, कारण कागदावर बरोबर असलेली जोडणी मशीनवर बसेलच असं नाही. मधल्या स्टडवरचा दुसरा गिअर फार मोठा झाला तर तो थेट स्पिंडलच्या बाजूच्या स्टडला जाऊन घासतो. पहिल्या जोडीच्या दात्यांची बेरीज तिसऱ्या गिअरपेक्षा बऱ्यापैकी जास्त असली की ही अडचण येत नाही. नाही बसलं तर अदलाबदल करून पुन्हा बघायचं.

127 चा गिअर स्वतःच अंगाने मोठा असतो. 2 मोड्यूलचा (मोड्यूल हे दात्याच्या आकाराचं माप) घेतला तर त्याचा पिच व्यास, म्हणजे दाते जिथे एकमेकांना भिडतात तिथला व्यास, 254 मिलिमीटर, म्हणजे बरोबर 10 इंच. लहान मशीनच्या झाकणाखाली तो मावतच नाही. म्हणून काही मशीनवर 127 आणि 100, किंवा 127 आणि 120, असे दोन गिअर एकमेकांना कायमचे जोडून मधल्या स्टडवर ठेवतात. इंचाचं काम असताना साखळी या जोडीतल्या एकाच गिअरवरून जाते, म्हणजे तो नुसता आयडलर. मिलिमीटरचं काम आलं की एका बाजूने 127 मध्ये आत आणि दुसऱ्या बाजूने 100 मधून बाहेर. तेव्हा लीड स्क्रूवर 100 दात्यांचा गिअर ठेवून 4 टीपीआयच्या मशीनवर स्पिंडलच्या बाजूला 30 लावला की 1.5, 40 लावला की 2, 20 लावला की 1.

तुमच्या मशीनला नॉर्टन गिअरबॉक्स असेल, म्हणजे लिव्हर फिरवून टीपीआय निवडता येत असतील, तर काम आणखी हलकं होतं. गिअरबॉक्सवर जो टीपीआय लावाल तोच लीड स्क्रूचा टीपीआय समजा आणि सूत्रात घाला. बाहेरची साखळी मूळ इंची कामात एकास एक असेल तर 16 लावून 1.5 साठी काय हवं? 5 गुणिले 1.5 गुणिले 16 म्हणजे 120. उत्तर 120 बाय 127. ही जोडी एकदा चढवली की पुढे सगळं लिव्हरवर होतं: 16 वर 1.5, 12 वर 2, 8 वर 3, 24 वर 1, 32 वर 0.75. लिव्हरवरच्या आकड्याने 24 ला भागायचं, मिळेल ती पिच. 120 च्या जागी 100 लावला तर 20 ला भागायचं. मग 16 वर 1.25 आणि 8 वर 2.5 मिळतात. बाहेरची मूळ साखळी एकास एक नसेल, तर तिचं जे प्रमाण असेल त्याने उत्तराला गुणायचं, एवढाच फरक.

कोणता गिअर वर, कोणता खाली याचा गोंधळ झाला तर अक्कल वापरून ताळा करता येतो. 16 टीपीआय म्हणजे 1.5875 मिलिमीटर. आपल्याला हवेत 1.5, म्हणजे कमी. लीड स्क्रू थोडा हळू फिरायला हवा, म्हणून मोठा गिअर, 127 चा, ड्रिव्हनच्या जागी. उलटा लावला तर 1.68 येईल.

127 नसेल तर किती चुकतं

127 चा गिअर नाही, मागवायला वेळ नाही, झाकणाखाली मावत नाही. तेव्हा जवळपासच्या प्रमाणाने काम भागतं का? भागतं, पण किती चुकतंय आणि ते कुठे चालेल हे आकड्यात माहीत असलं पाहिजे. "जवळपास आहे, चालून जाईल" हे वाक्य टर्नरच्या तोंडी शोभत नाही.

इंची साखळीतून मिलिमीटरची पिच काढून देणाऱ्या 100-127 च्या जोडीचं प्रमाण 100 बाय 127, म्हणजे 0.787402. याच्या अगदी जवळचे दोन अपूर्णांक लहान गिअरने मिळतात. पहिला 63 बाय 80, म्हणजे 0.7875. फरक एक टक्क्याच्या ऐंशीव्या भागाएवढा, 0.0125 टक्के. दुसरा 37 बाय 47, म्हणजे 0.787234, इथे फरक 0.021 टक्के, आणि तो उलट बाजूचा, पिच किंचित कमी पडते. आपल्या 1.5 च्या कामासाठी 4 टीपीआयवर 63 बाय 80 गुणिले 30 बाय 100 लावलं तर पिच 1.5002 मिलिमीटर येते. 63 चाही गिअर नसेल आणि 21 चा असेल तरी तेच जमतं, कारण 63 म्हणजे 21 ची तिप्पट: 21 बाय 80 गुणिले 90 बाय 100. काही लहान इंग्रजी लेथच्या सेटमध्ये पाच-पाचच्या रांगेत न बसणारा 21 दात्यांचा गिअर असतो, तो बहुधा याच कामासाठी.

आता हा फरक नटला जाणवतो का ते बघू. पिचमधली चूक एका आट्यात दिसत नाही. ती आट्यागणिक साठत जाते. 20 मिलिमीटर लांबीत नट बसतो असं धरलं तर 63 च्या जोडणीने एकूण चूक 0.0025 मिलिमीटर, 37-47 च्या जोडणीने 0.0043. शिवाय 60 अंशाच्या आट्यांमध्ये पिच चुकली की तिरक्या बाजू नटच्या बाजूंना आधीच भिडतात, आणि नटच्या दृष्टीने तो आटा जाड झाल्यासारखा होतो. व्यासावर दिसणारा हा परिणाम पिचच्या साठलेल्या चुकीच्या 1.732 पट असतो. म्हणजे 63 साठी साधारण 0.004 आणि 37-47 साठी 0.007 मिलिमीटर. एम 20 × 1.5 च्या बोल्टला नेहमीच्या 6जी बसणीत (बोल्टच्या सैल-घट्टपणाचा प्रमाणित दर्जा) पिच व्यासावर, म्हणजे आट्याच्या साधारण मध्यावरच्या व्यासावर, 0.14 मिलिमीटर सूट असते. त्यासमोर 0.004 म्हणजे काहीच नाही. तुमच्या मशीनच्या जुन्या लीड स्क्रूची झीज याहून जास्त असू शकते.

आता 17 टीपीआयने भागवणाऱ्याचं काय होतं ते बघा. 17 टीपीआय म्हणजे 1.494 मिलिमीटर. 1.5 आणि 1.494, कागदावर किती जवळ दिसतात! पण 20 मिलिमीटरमध्ये साठलेली चूक 0.078, आणि व्यासावर तिचा परिणाम 0.136. संपूर्ण 0.14 ची सूट एकट्या पिचच्या चुकीने खाऊन टाकली. असा बोल्ट नटात दोन-तीन आटे मजेत जातो आणि मग अडतो. मग टर्नर आणखी कट देतो, आटे खोल करतो, नट शेवटी जातो. पण तो नट आता फक्त टोकाच्या एक-दोन आट्यांवर भार घेतोय, मधले आटे मोकळे आहेत. बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं आणि भार आला की ते मोजके आटे सोलून निघतात. ट्रॅक्टरच्या किंवा पंपाच्या शाफ्टवर हे घडू देणं चूक आहे.

उलट 63 च्या जोडणीलाही मर्यादा आहे. 300 मिलिमीटर लांबीत तिची चूक 0.037 होते. नट-बोल्टला, फिटिंगला, चेक नटला ती बिनधास्त वापरा. पण एखाद्या मशीनचा स्लाइड सरकवणारा स्क्रू करायचा असेल, ज्याच्या फेऱ्यांवर माप घेतलं जाणार आहे, तर 127 शिवाय हात लावू नका.

हाफ नट उघडायचा नाही

गिअर बरोबर लागले, पहिला कट छान गेला, आणि दुसऱ्या कटाला आट्याच्या मधोमध दुसरी खाच पडली. इंची कामाची सवय असलेल्या हातून हे हमखास होतं, कारण तिथे प्रत्येक कटाच्या शेवटी हाफ नट उघडायचा, कॅरेज हाताने मागे आणायचं, थ्रेड डायलवरची (नट कधी मिटायचा हे दाखवणाऱ्या चकतीवरची) रेघ जुळली की पुन्हा मिटायचा, ही पद्धत अंगवळणी पडलेली असते. मिलिमीटरच्या कामात ती चालत नाही.

हाफ नट लीड स्क्रूच्या कोणत्याही खाचेत बसू शकतो आणि खाचा 6.35 मिलिमीटरवर आहेत. तो दुसऱ्या खाचेत बसला तर टूल 6.35 ने सरकलेलं असेल. जॉबवरचे आटे 1.5 वर आहेत. 6.35 मध्ये 1.5 पूर्ण वेळा जात नाही, म्हणून टूल आट्याच्या खाचेत न पडता मध्येच कुठेतरी पडतं. दोन्ही पुन्हा जुळायला 6.35 ची आणि 1.5 ची अशी पट हवी जी एकच आहे. ती आहे 190.5 मिलिमीटर: लीड स्क्रूच्या 30 खाचा, जॉबचे 127 आटे. तोच 30 आणि तोच 127. म्हणजे साडेसात इंच मागे जाऊन नेमक्या त्याच खाचेत नट मिटला तरच आटे जुळणार. थ्रेड डायल इंचाच्या हिशोबाने बनवलेला आहे, त्याला याची कल्पना नसते.

म्हणून पद्धत अशी: पहिला कट सुरू करताना हाफ नट मिटला की आटे पूर्ण होईपर्यंत उघडायचाच नाही. कटाच्या शेवटी मशीन थांबवा, टूल क्रॉस स्लाइडने (टूल आत-बाहेर नेणाऱ्या सरकत्या भागाने) बाहेर घ्या, मशीन रिव्हर्स चालवून कॅरेज सुरुवातीच्या पुढे जरा जास्तच मागे न्या म्हणजे गिअरमधला आणि नटातला खेळ (ढिलेपणा) पुढच्या वेळी भरून निघेल, टूल पुढच्या कटाला आत घ्या आणि पुन्हा पुढे. वेळ लागतो, पण दुसरा उपाय नाही. मशीन हळू चालवा. सगळ्यात कमी वेगावर. चक आट्यांनी स्पिंडलवर बसवलेला असेल तर झटक्यात रिव्हर्स करू नका, चक सैल होऊन सुटू शकतो. मोटर पूर्ण थांबू द्या, मगच उलट फिरवा. जॉबला खांदा असेल तर आट्यांच्या शेवटी आट्याच्या तळाएवढी खोल खाच आधीच काढून ठेवा, म्हणजे टूलला थांबायला जागा मिळते. शेवटचे दोन-तीन आटे चक हाताने फिरवून पूर्ण केले तर आणखी चांगलं.

टूलचा कोन वेगळा सांगायला हवा, कारण तो विसरला जातो. जुन्या बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) इंची आट्यांचा कोन 55 अंश, मिलिमीटरच्या आट्यांचा 60. इंची कामासाठी घासून ठेवलेलं टूल तसंच लावू नका. 1.5 पिचसाठी बोल्टच्या बाजूला आट्याची खोली साधारण 0.92 मिलिमीटर, म्हणजे पिचच्या 0.613 पट.

आणि कट घेण्याआधी गिअर बरोबर लागले की नाही ते तपासण्याची एक खात्रीची रीत आहे. गिअर लावून, हाफ नट मिटून, आधी थोडं पुढे फिरवून खेळ काढून घ्या. कॅरेजला डायल इंडिकेटर टेकवा किंवा व्हर्निअरने माप घ्या. चक हाताने बरोबर 20 फेरे फिरवा. 1.5 च्या कामात कॅरेज 30 मिलिमीटर सरकलं पाहिजे. 29.88 आलं तर कुठेतरी 17 टीपीआय लागलाय; 33.6 आलं तर 127 उलटा बसलाय. त्यानंतर जॉबवर अगदी हलका, रेघ उमटेल एवढाच कट द्या आणि पिच गेज (पिच तपासायची दातेरी पट्टी) लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते टाळू नये.

127 चा गिअर करून घेताना

गिअर करून घ्यायला गेलात तर मिलिंगवाल्यालाही ही मूळ संख्या अडवते. साध्या डिव्हायडिंग हेडचं, म्हणजे गोल जॉबचे समान भाग पाडून देणाऱ्या साधनाचं, प्रमाण 40 ला 1 असतं. 127 भाग पाडायचे तर प्रत्येक दात्याला हँडल 40 बाय 127 फेरा फिरवायला हवं, आणि नेहमीच्या प्लेटवर 127 भोकांचं वर्तुळ नसतं. सगळ्यात मोठं वर्तुळ 49 भोकांचं. म्हणून डिफरन्शियल इंडेक्सिंग करावं लागतं. 120 भाग पाडतोय असं समजून दर वेळी 39 च्या वर्तुळावर 13 भोकं, म्हणजे एक तृतीयांश फेरा घ्यायचा, आणि डिव्हायडिंग हेडला 24 आणि 56 दात्यांचे गिअर जोडून प्लेटच हळूहळू सरकती ठेवायची. ज्याच्याकडे ही सोय नाही त्याच्याकडून हा गिअर होणार नाही; हॉबिंग मशीनवाल्याकडे (गिअर कापायचं खास मशीन असलेल्याकडे) द्या.

त्याच्याकडे जाताना आपल्या सेटमधला एक गिअर सोबत न्या. जुन्या इंग्रजी मशीनचे गिअर डीपीमध्ये (डायमेट्रल पिच, म्हणजे पिच व्यासाच्या दर इंचाला किती दाते) असतात आणि त्यांचा प्रेशर अँगल, म्हणजे दात्याच्या बाजूचा उतार, बऱ्याचदा साडेचौदा अंश. 12 डीपी म्हणजे 2.117 मोड्यूल. "जवळपास 2 मोड्यूल आहे" म्हणून 2 मोड्यूलच्या 20 अंशी कटरने गिअर कापला तर तो जुन्या गिअरशी नीट जुळत नाही, कुरकुरतो आणि दोघांचेही दाते खातो. बोअर, कीवे आणि रुंदीही त्याच गिअरवरून घ्या.

शेवटी ज्यांच्याकडे मिलिमीटरचा लीड स्क्रू आहे त्यांच्यासाठी. पाइप अजूनही इंचातच आहेत, त्यामुळे बीएसपीचे (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे पाडायची वेळ सगळ्यांवर येते. गणित तेच, फक्त 127 खालून वर जातो: वर 127, खाली 5 गुणिले टीपीआय गुणिले लीड स्क्रूची पिच. 6 मिलिमीटरच्या लीड स्क्रूवर अर्धा आणि पाऊण इंची बीएसपीचे 14 टीपीआय हवेत तर 127 बाय 420 येतं. ते 127 बाय 105 गुणिले 20 बाय 80 असं लावता येतं. एक इंच आणि त्यापुढच्या पाइपला 11 टीपीआय लागतात: 127 बाय 330, म्हणजे 127 बाय 110 गुणिले 20 बाय 60. इथेही आटे संपेपर्यंत हाफ नट मिटलेलाच ठेवायचा, आणि टूल मात्र 55 अंशाचं.